उजवीकडून दुसरा

सह्या जमवणं हा बैठा छंद आहे, असं मला माझ्या मेहुण्याने सांगितलं होतं. मेहुण्याचे आजवरचे सगळे सल्ले मी पाळले आहेत आणि त्यांतला एकही मला लाभलेला नाही, तरी माणूस सुधारत नाही. त्याचं म्हणणं असं, की नाणी जमवली तर चोर येतात, झाडं लावली तर पाणी घालावं लागतं, मासे पाळले तर ते मरतात. सही एकदा कागदावर पडली की पडली. तिला काही खायला घालावं लागत नाही.

"आणि लढाईच्या काळातले फोटो घ्या, भावोजी," तो म्हणाला. "सैनिकांच्या सह्या असलेले. नटांच्या सह्या कोणीही जमवतं. यात वजन आहे."

वजन या शब्दाला मी भुललो. मी विमा कंपनीच्या दावे विभागात आहे. तिथे मी रोज ढीगभर सह्या करतो. माझ्या सहीने लोकांची उडालेली छपरं परत बसतात, चेपलेल्या गाड्या सरळ होतात, पण माझी सही कोणी चौकटीत घालून भिंतीवर लावल्याचं ऐकिवात नाही. उलट, "ही तुमचीच सही का?" असं दरडावून विचारणारेच जास्त. तेव्हा सही या गोष्टीला कुठेतरी मान आहे हे ऐकून बरं वाटलं.

पहिला फोटो मिळाला तो एका वैमानिकाचा. विमानाच्या पंख्यावर हात ठेवून उभा, आणि छातीवरून तिरपी, निळ्या शाईची, झोकदार सही. मी तो घरी आणून टेबलावर ठेवला आणि तिथेच चूक केली. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहतात. ते शाळेतून निवृत्त झाले, आमच्यातून नाही. इमारतीत कोणाकडे काही नवीन आलं की ते तपासायला येतात, मग तो पंखा असो की सून. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "हल्ली छापील सह्या फार निघाल्यात. ओळखायची खूण एकच. शाईची असेल तर पुसली जाते."

मी "सर, पण" एवढं म्हणेपर्यंत त्यांनी अंगठा जिभेला लावला होता.

"खरी आहे," ते म्हणाले. "जपून ठेवा."

काय जपून ठेवायचं ते त्यांनी सांगितलं नाही. वैमानिकाच्या छातीवर आता एक निळसर डाग तेवढा होता. बायकोने लांबून पाहिलं आणि म्हणाली, "वैमानिकच आहे ना, ढग शोभतो त्याला." तिला माझी समजूत घालायची होती असं मी धरून चालतो.

शहाण्याने इथे थांबावं. मी जुन्या सामानाच्या दुकानात गेलो आणि दुसरा फोटो आणला.

हा फोटो एका तुकडीचा होता. एक लष्करी ट्रक, ट्रकपुढे ओळीने उभे राहिलेले जवान, मागे नदीवरचा पूल. सगळी पोरसवदा, काही हसतायत, एकाने दुसऱ्याच्या डोक्यामागे दोन बोटं धरलीयत. खालच्या पांढऱ्या पट्टीवर ज्याच्या त्याच्या पायाखाली ज्याची त्याची सही. फक्त एकाच्या खाली जागा कोरी होती. उजवीकडून दुसरा. त्याची टोपी पुढे ओढलेली, त्यामुळे सावली पार हनुवटीपर्यंत आलेली, आणि चेहरा म्हणून जे काही असतं ते सगळं त्या सावलीत गेलेलं.

"एवढी एक सही मिळवा," दुकानदार म्हणाला, "मग हा फोटो नुसता फोटो राहणार नाही."

मग तो काय होईल हे मी विचारलं नाही. अर्धवट कागद दिसला की मला जेवण जात नाही. हा दावे विभागाचा दोष आहे. फोटोच्या मागे तुकडीचं नाव होतं. तेवढ्या आधारावर मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून माजी सैनिकांच्या कार्यालयात गेलो.

कार्यालय जिना चढून वर होतं. लिफ्ट होती, पण तिच्यात जुनी कपाटं ठेवली होती. खिडकीत एक बाई बसल्या होत्या आणि त्यांच्या मानेला पट्टा होता. मान खाली वळत नसल्यामुळे त्यांना टेबलावरचा कागद वाचता यायचा नाही. समोरच्याने तो त्यांच्या डोळ्यांसमोर धरायचा. मी फोटो धरून उभा राहिलो.

"आपण माजी सैनिक?"

"नाही."

"मग सैनिकाची विधवा?"

हे माझ्याकडे पाहून समजण्यासारखं होतं, पण मध्ये फोटो होता. मी नाही म्हटलं.

"अवलंबून असलेले नातेवाईक?"

"तसं काही नाही. मी छंद म्हणून आलोय."

"छंदाची खिडकी नाही इथे," बाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता. खरोखरच नव्हती.

पुढच्या खेपेला मी रीतसर अर्ज नेला. तो चुकीच्या साहेबांच्या नावाने होता. त्याच्या पुढच्या खेपेला बरोबर साहेबांच्या नावाने नेला, तर त्यांची बदली झाली होती. शेवटी, एकसारखा हात वर करून उभा राहणारा माणूस पाहून बाईंना दया आली असावी. कोणाचा पत्ता देता येत नाही, म्हणाल्या, पण फोटोची प्रत सूचना फलकावर लावते, खाली तुमचा नंबर टाकते. मी त्यांचे आभार मानले. आभार मानण्याआधी टाइप केलेला मजकूर वाचायला हवा होता. कार्यालयात अशा सूचनेचा एकच तयार नमुना होता, तो त्यांनी वापरला: 'सोबतच्या छायाचित्रातील व्यक्ती हरवली आहे. माहिती असल्यास कळवावे.'

फोन सुरू झाले.

"कधीपासून हरवलेत?" एका बाईंनी विचारलं.

"तसे हरवलेले नाहीत. लढाईपासून ठावठिकाणा नाही एवढंच."

"आणि तुम्ही आत्ता शोधताय?" म्हणाल्या, आणि फोन ठेवला. मी त्या माणसाचा कोणी नाही हे सांगायचं राहूनच गेलं. 

बाकीचे फोन सैनिकांचे होते, पण फोटोबद्दल नव्हते. माझा नंबर फलकावर आहे म्हणजे मी कार्यालयाचा माणूस, असा त्यांचा समज. कोणाची पेन्शन अडली होती, कोणाच्या नावात काना जास्त पडला होता, कोणाला कागदोपत्री मृत दाखवलं होतं आणि ते स्वतः फोनवर तसं सांगत होते. मी "कागद घेऊन या, बघू" असं म्हणून बसलो. सवय. सुट्टीच्या दिवशी आमच्या बाहेरच्या खोलीत रांग लागायला लागली. हेडमास्तरांनी त्यांना शिस्तीत बसवायचं काम आपणहून अंगावर घेतलं. मेहुणा येऊन बघून गेला आणि म्हणाला, "लोकसंग्रह होतोय, भावोजी."

"छंद बैठा आहे खरा," बायको म्हणाली. "आपल्यालाच बसायला जागा नाही एवढंच."

अशाच एका सकाळी एक बुटके, रुंद खांद्यांचे गृहस्थ आले. कागद नव्हते. त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं आणि म्हणाले, "उजवीकडून दुसरा. मी आहे तो."

ते त्या तुकडीत ड्रायव्हर होते. डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून मी उजव्या बाजूला खुर्ची ओढली. बायकोने चहा ठेवला. मी पेन घरभर शोधलं, ते माझ्याच खिशात निघालं. ड्रायव्हरकाकांनी पेन हातात घेतलं, त्याचं टोक पाहिलं आणि परत दिलं.

"आज नको. चष्मा नाही आणला. शिवाय सही केलेली नाही बऱ्याच दिवसांत, सगळं अंगठ्यावर चालतं आता. घरी जरा हात बसवतो आणि येतो."

आत्ताच करा, कशीही करा, असं म्हणणं त्या माणसापुढे बरं दिसेना. ते हात बसवायला गेले, आणि त्यांचा हात बसायच्या आत दुसरे आले.

हे उंच, सडपातळ, इस्त्रीचे कपडे, प्रत्येक शब्द सुटा बोलणारे. तुकडीत वायरलेसवर होते. त्यांनी फोटो खाली उतरवून मांडीवर घेतला आणि उजवीकडच्या दुसऱ्यावर नख टेकवलं.

"हा मी."

मी बायकोकडे पाहिलं. तिने चहाच्या भांड्याकडे पाहिलं.

"काका, राग मानू नका," मी म्हटलं. "पण हा मीच, असं सांगणारे आणखी एक जण येऊन गेलेत. ड्रायव्हर होते."

वायरलेसकाकांनी कप खाली ठेवला. "बुटका? डावा कान गेलेला?"

"हो."

"तो अजून आहे?" त्यांनी विचारलं. हा राग होता की आणखी काही, ते मला कळलं नाही.

दोघांचं बोलणं बंद होतं. वायरलेसकाकांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका ड्रायव्हरकाकांना गेली, तिच्यावर त्यांचा हुद्दा एक पायरी खालचा पडला होता. ते लग्नाला गेले नाहीत. मुलीची मुलं आता नोकरीला लागली होती. ड्रायव्हरकाकांच्या मते ते मुद्दाम केलं होतं, वायरलेसकाकांच्या मते ती पत्ते लिहिणाऱ्याची चूक होती, आणि दोघांनीही ही मतं एकमेकांना कधी सांगितली नव्हती. मला मात्र सविस्तर सांगितली.

आता मी दावे विभागातला माणूस. एकाच छपरावर दोघांनी दावा लावलेला मी पाहिला आहे. नियम सोपा आहे, दोघांचेही दावे रोखून ठेवायचे. पण वायरलेसकाका उठताना म्हणाले, "त्या लढाईतला माझा एकही फोटो घरात नाही. नातवंडांना वाटतं, मी तिकडे भटारखान्यात होतो." आणि ड्रायव्हरकाकांना मी फोनवर सगळं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "साहेब, तो मी नसेन, तर मग मी कुठे आहे?" या प्रश्नाला आमच्या विभागात रकाना नाही.

हेडमास्तरांनी तोडगा काढला. दोघांना समोरासमोर आणा, तोच पवित्रा, तशीच टोपी, मी निकाल देतो. मला हा सल्ला पसंत नव्हता. पण माझ्याकडे दुसरा नव्हता, आणि त्यांचा दोघांना फोन करून झाला होता.

रविवारी सकाळी दोघं आले. एकमेकांशी न बोलता, आमच्या सोफ्याच्या दोन टोकांना बसले. मध्ये बसायची जागा होती, तिथे मेहुणा जाऊन बसला. हेडमास्तर आपली फिरायला जायची टोपी आणि भिंग घेऊन आले. शेजारची मंडळी दारात उभी राहिली. माझ्याच घरात मला भिंतीला टेकून उभं राहावं लागलं.

आधी ड्रायव्हरकाकांना खिडकीपाशी उभं केलं, टोपी पुढे ओढली. मग वायरलेसकाकांना. हेडमास्तर भिंगातून एकदा फोटोकडे, एकदा माणसाकडे पाहात होते. टोपीच्या सावलीखाली माणसाची फक्त हनुवटी उरते, आणि हनुवट्या तर दोघांच्याही दातांबरोबर गेल्या होत्या.

"यांची उंची बघा," मेहुणा म्हणाला.

"उंची वयाबरोबर कमी होते," हेडमास्तर म्हणाले.

"माझी नाही झाली," वायरलेसकाका म्हणाले.

"तुझी मान आखडलीय, म्हणून वाटतं तसं," ड्रायव्हरकाका भिंतीकडे बघत बोलले. कित्येक वर्षांनी ते एकमेकांशी बोलले ते हे एवढंच, आणि पुढे काय झालं असतं सांगता येत नाही. पण बायको चहाचे कप गोळा करत फोटोजवळ आली होती. ती वाकून पाहात म्हणाली, "या उजवीकडच्या दुसऱ्याचा शर्ट किती छान बसलाय हो. बाकीचे नुसती पोती घातल्यासारखे दिसतायत. याचाच तेवढा मापाचा."

 ड्रायव्हरकाकांनी पुढे होऊन हेडमास्तरांच्या हातातलं भिंग मागितलं. त्यांनी पाहिलं, मग भिंग वायरलेसकाकांकडे दिलं. त्यांनीही पाहिलं.

"शिंपी," वायरलेसकाका म्हणाले.

"शिंपीच."

"माझा शर्ट आयुष्यात कधी असा बसला नव्हता," ड्रायव्हरकाका म्हणाले आणि खुर्चीवर बसले. मग वायरलेसकाकांकडे बघून, "म्हणजे तू नाहीस यात."

"तूही नाहीस. तू गाडीतून उतरलाच नव्हतास. सगळे उतर उतर म्हणत होते, आणि तू म्हणालास, इंजिन बंद केलं तर परत चालू व्हायचं नाही."

"नसतंच झालं. आणि कॅमेरा तुझ्या हातात होता."

आम्ही सगळे फोटोवर वाकलो. ट्रकच्या खिडकीतून एक कोपर बाहेर आलं होतं, ऐटीत टेकवलेलं. आणि जवानांच्या पायांपुढे, जमिनीवर, एक लांबलचक सावली पडली होती, दोन्ही हात तोंडाशी धरलेली. तो फोटो मी इतक्या वेळा पाहिला होता, तरी त्या सावलीला मी झाड समजत होतो.

त्या शिंप्याची गोष्ट मग दोघांनी मिळून सांगितली, एकाचं वाक्य दुसऱ्याने पुरं करत. तिकडे कपडे दोनच मापांचे मिळायचे, मोठे आणि फार मोठे. हा भरती व्हायच्या आधी शिवणकाम करायचा. त्याने वानगी म्हणून आधी स्वतःचा शर्ट आखूड करून घेतला आणि मग सगळ्यांना सांगितलं, एकेकाचा करून देतो, आपली तुकडी सगळ्यांत देखणी दिसेल.

"माझं माप घेतलं होतं," ड्रायव्हरकाका म्हणाले. "सुतळीने. खांद्यापाशी एक गाठ, मनगटापाशी एक गाठ."

"मग?" हेडमास्तरांनी विचारलं.

"मग पूल पडला."

दारातली मंडळी हळूहळू आपापल्या घरी गेली. मेहुणाही गेला. मला काहीतरी बोलायला हवं होतं, आणि अशा वेळी मला जे सुचतं तेच सुचलं. मी विचारलं, "त्यांचं नाव काय होतं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. 

"शिंपीच म्हणायचो सगळे," ड्रायव्हरकाका म्हणाले.

"मी पाठवलं होतं त्याचं नाव," वायरलेसकाका म्हणाले. "पुलानंतर वर कळवायचं काम माझंच होतं. एकेक अक्षर मीच पाठवलं, आणि आता मला ते आठवत नाही."

त्या कार्यालयाचा जिना पुन्हा चढायचा नाही, असं मी ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी तो चढलो, दोन्ही बाजूंना एकेक म्हातारा धरून. वर पोचेपर्यंत आम्हा तिघांत सगळ्यांत जास्त दम मला लागला होता. खिडकीतल्या बाईंची मान आता सुटली होती. त्यांनी फोटो टेबलावर ठेवून घेतला, म्हणणं ऐकून घेतलं आणि पेन उचललं.

"मयताशी नातं?"

"माझा शर्ट करून देणार होता," ड्रायव्हरकाका म्हणाले.

"हे नात्यात बसत नाही, काका."

"माझाही," वायरलेसकाका म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी तिथे कितीतरी वेळा उभा राहिलो होतो, पण मला पूर्ण असं त्या पहिल्यांदाच पाहात होत्या. "आणि हे कोण?"

मी छंद म्हणणार होतो. तो शब्द माझ्या तोंडून निघेना.

"ते आमच्याबरोबर आहेत," ड्रायव्हरकाका म्हणाले.

बाई उठून आत गेल्या. आम्ही बाकावर बसलो. शेजारी ओळीने बसलेल्यांतल्या एकाने मला ओळखलं आणि आपल्या पेन्शनचं काय झालं ते सांगायला सुरुवात केली. मी ते ऐकून घेतलं. जेवणाची सुट्टी झाली, संपली. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातावर धूळ होती. त्यांनी चिठ्ठी वायरलेसकाकांच्या हातात दिली.

त्यांनी ती डोळ्यांपासून लांब धरली, घसा साफ केला आणि नाव वाचलं. सरळ नाही, तर एकेक अक्षर सुटं करून, मध्ये थांबत, जणू पलीकडे कोणी लिहून घेतंय. मग तेच पुन्हा एकदा. ड्रायव्हरकाकांनी उजवा कान पुढे करून ऐकलं आणि सगळी अक्षरं जशीच्या तशी परत म्हणून दाखवली.

"बरोबर," वायरलेसकाका म्हणाले.

मग फोटो बाकावर ठेवून ड्रायव्हरकाकांनी कोपरावर सही केली. हात चांगला बसवला होता त्यांनी. वायरलेसकाकांनी आपल्या सावलीवर केली. काळ्यावर काळी शाई, काही दिसेना. मी पांढऱ्या पट्टीवर करा म्हटलं, तर म्हणाले, "आहे ना तिथे, पुरे." त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि माझ्यापुढे धरलं.

"त्याचं तुम्ही लिहा. तुमचं रोजचं लिहिणं आहे."

दुसऱ्याच्या हातचं अक्षर पडलं की असा फोटो संग्रहातून बाद होतो, हे मला ठाऊक होतं. मी चिठ्ठी शेजारी ठेवली, पेन उघडलं आणि फोटो मांडीवर घेतला.

"शर्टावर नको," ड्रायव्हरकाका म्हणाले.

मी खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं. मांडीवर लिहिल्यामुळे जरा तिरकं आलं.